सुरंगीच्या बाटलीवर ‘जंतुनाशक’ लिहू का?

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. वय ३४. घरामागं सुरंगीची दोन जुनी झाडं, दारात ओवळ म्हणजे बकुळ, कुंपणाकडेला सोनचाफ्याची कलमं. दरवर्षी माघ-फाल्गुनात कळ्या काढायच्या, वळेसार म्हणजे सुरंगीचे गजरे गुंफायचे, उरलेली फुलं वाळवून व्यापाऱ्याला द्यायची, असं चालायचं. यंदा बचत गटातल्या अकरा जणींनी तांब्याच्या भांड्याला नळी बसवून फुलांचा अर्क काढला. वासाचं पाणी भरपूर मिळालं, वर तेलाचा नुसता तवंग. रत्नागिरीला सूक्ष्मजीवशास्त्र शिकणाऱ्या भाच्यानं तो तवंग कॉलेजात तपासला, तर काचेच्या ताटलीत जंतू न वाढलेलं ११ मिलिमीटरचं वर्तुळ दिसलं. त्याचा फोटो मोबाइलवर फिरला आणि मुंबईच्या एका दुकानदारानं २०० बाटल्या मागितल्या. अट एकच: लेबलावर ‘१०० टक्के नैसर्गिक जंतुनाशक’ छापायचं. नवरा म्हणतो, कर्ज काढून मोठी भट्टी घेऊ. सासूबाईंनी तर ते पाणी सासऱ्यांच्या पायाच्या जखमेवर लावायला सुरुवातही केली आहे. सासऱ्यांना मधुमेह आहे. “फुलांचा तेल तां, वायट काय करतलां?” असं त्यांचं म्हणणं. पत्राच्या शेवटी या भगिनी लिहितात: “पहिल्या खेपेच्या एका बाटलीत तीन आठवड्यांनी पांढरे तंतू तरंगताना दिसले. मी कोणाला सांगितलं नाही. ताई, ऑर्डर घेऊ की नको? नको म्हटलं तर सगळ्या जणी नाराज होतील.”

प्रिय भगिनी,

ऑर्डरचं नंतर बोलू. आधी सासऱ्यांचा पाय.

आजच त्यांना डॉक्टरांकडे न्या, बाजाराच्या दिवसापर्यंत थांबू नका. मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात, त्यामुळे “दुखत नाही” म्हणजे “बरं होतंय” असा अर्थ निघत नाही. तिथपर्यंत जखम उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवा, स्वच्छ कोरड्या कापडानं झाका. वर तेल नको, अर्क नको, हळदही नको. कडा काळ्या पडल्या असतील, पाय सुजून गरम लागत असेल, वास येत असेल किंवा ताप असेल तर संध्याकाळचीही वाट बघू नका. सासूबाईंना दोष देऊ नका. नवऱ्याच्या पायाला काहीतरी लावायचं म्हणून त्यांनी घरातलं सगळ्यात चांगलं ते लावलं. पण ज्या खेपेच्या बाटलीत तंतू वाढले, त्याच खेपेचं पाणी जखमेवर जात असेल, तर तुम्ही जंतू मारत नाही आहात, जखमेला नवे जंतू पुरवता आहात.

आता त्या बाटलीकडे येते. तुम्ही ती कोणालाही दाखवली नाहीत, पण मला लिहिलंत. मला वाटतं तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला त्या दिवशीच कळलं होतं. जे पाणी स्वतःमध्ये बुरशी वाढू देतं त्याला जंतुनाशक म्हणता येत नाही. यात तुमच्या गटाची चूक झाली, असंही नाही. वाफेच्या अर्कातून निघणारं फुलांचं पाणी म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, सुगंधी द्रव्य त्यात नावाला विरघळलेलं. उकळून न घेतलेली बाटली, हाताचा स्पर्श, नळीतला ओलावा, एवढं तंतूंना पुरतं. मोठ्या कारखान्यांनाही ही अडचण येते. म्हणून ते परिरक्षक, म्हणजे टिकवण्याचं द्रव्य, घालतात, नाहीतर शीतपेटीत ठेवून लवकर विकतात.

मग भाच्याच्या ताटलीतलं वर्तुळ खोटं होतं का? नाही. त्यानं जे पाहिलं ते खरंच पाहिलं. पण ते कशाचं होतं, हे त्याला प्रेमानं विचारा. या चाचणीत कागदाची एक चकती वापरतात, ६ मिलिमीटर व्यासाची. ताटलीत आगर नावाची जेली असते, जंतू पसरलेल्या त्या आगरवर ती ठेवायची, ३७ अंशांवर रात्रभर ठेवून सकाळी मोजायचं. मोजताना चकतीसकट मोजतात. म्हणजे ११ मिलिमीटरमधून ६ वजा करा, उरले ५, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच. पट्टी घेऊन अडीच मिलिमीटर बघा एकदा. दुसरा प्रश्न: तवंग चकतीवर घेताना तो अल्कोहोलमध्ये विरघळवला होता का? असेल, तर नुसत्या अल्कोहोलची वेगळी चकती शेजारी ठेवली होती का? ती नसेल तर वर्तुळ सुरंगीचं की अल्कोहोलचं, हे देवालाही सांगता येणार नाही. तिसरा प्रश्न: जंतू कोणता घेतला? स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूवर सुगंधी तेलं बऱ्यापैकी चालतात. सुडोमोनास नावाचा जंतू ओल्या जागेत राहतो, जखमेत हिरवट पू करतो, आणि बहुतेक सुगंधी तेलांना तो दाद देत नाही. त्याला बाहेरून एक जादा आवरण असतं आणि आत शिरलेलं द्रव्य तो बाहेर फेकूनही देतो.

चौथी गोष्ट प्रश्न नाही, ती या पद्धतीचीच मर्यादा आहे. तेल पाण्यात मिसळत नाही आणि आगर म्हणजे जेलीसारखं घट्ट केलेलं पाणीच. त्यामुळे चांगलं तेल कधी लहान वर्तुळ दाखवतं, आणि हवेत उडणारं हलकं तेल वाफेनंच ताटलीभर पसरून मोठं दाखवतं. म्हणून जाणकार पुढे जाऊन ‘किमान किती प्रमाणात जंतू वाढायचे थांबतात’ ते काढतात. प्रतिजैविकांचा हा आकडा मिलिलिटरला मायक्रोग्रॅममध्ये येतो. फुलांच्या तेलांचा बहुतेक वेळा मिलिग्रॅममध्ये, म्हणजे हजारपटीच्या भाषेत. शिवाय ताटलीत पू नसतो, रक्त नसतं. जखमेतली प्रथिनं आणि चरबी तेलाला आपल्याकडे ओढून घेतात आणि जंतूंपर्यंत फार थोडं पोचू देतात.

तुमच्या पत्रात एक समजूत न बोलता बसलेली आहे, ती मला फार जवळची वाटते कारण मीही तिच्यासोबत वाढले. समजूत अशी की वास इतका दांडगा आहे, तर गुणही दांडगाच असणार. सुरंगीच्या झाडाखालून फाल्गुनात कोणी चालत गेलं तर अंगणापलीकडच्या माणसालाही कळतं. पण नाक हे विलक्षण इंद्रिय आहे. सोनचाफ्यात आयोनोन नावाची द्रव्यं असतात. त्यातलं एक पाण्यात अब्जात एक भागाहूनही कमी असलं तरी पुष्कळांच्या नाकाला कळतं. जंतूला मात्र टक्क्यांत मोजावं इतकं द्रव्य लागतं. नाकाचा हिशेब अब्जांशाचा आणि जंतूचा शेकड्याचा.

आता फुलाच्या तेलात असतं काय, ते जरा सविस्तर सांगते, कारण पुढचे सगळे निर्णय यावरच ठरतात. फुलाचं तेल हा एक पदार्थ नसतो. घटक सुटे करून दाखवणाऱ्या गॅस क्रोमॅटोग्राफीच्या यंत्रात घातलं तर कागदावर सह्याद्रीसारखी सुळक्यांची रांग उमटते, कधी पन्नास, कधी शंभरावर. एक मोठं घराणं टर्पिनांचं. पाच कार्बनची एक वीट, दोन विटा जोडल्या की लिनालूल, जिरॅनिऑल अशी हलकी द्रव्यं होतात, तीन जोडल्या की जड, उशिरा दरवळणारी. दुसरं घराणं बेंझिनचं कडं असलेल्यांचं: जाई-मोगऱ्यातलं बेंझाइल ॲसिटेट, लवंगेतलं युजेनॉल, गुलाबातलं आणि आपल्या ओवळातलंही फेनिल इथाइल अल्कोहोल. मग इंडोल. मोगऱ्यात आणि सोनचाफ्यात ते जरासंच असतं. एकटं हुंगलं तर नाक मुरडाल, पण ते काढून टाकलं तर मोगरा साबणासारखा वाटतो. केवड्यात मुख्य असतं फेनिल इथाइल मिथाइल ईथर आणि सोबत टर्पिनेन-४-ऑल, जे टी-ट्रीच्या तेलातलं प्रमुख द्रव्य आहे.

हे जंतूला मारतात कसे? ही सगळी द्रव्यं चरबीत रमणारी. जंतूच्या पेशीचं पापुद्र्यासारखं आवरण चरबीचंच. द्रव्य त्यात घुसतं, आवरण सैल पडतं, आतलं पोटॅशियम गळायला लागतं, पेशीची ऊर्जा संपते. पण सगळ्यांची ताकद सारखी नाही. युजेनॉल, ओव्यातलं थायमॉल ही फिनॉल जातीची द्रव्यं सर्वांत जोरकस. त्यानंतर गवती चहातल्या सिट्रालसारखी अल्डिहाइडं, मग अल्कोहोलं. आणि एस्टर, ज्यांच्यामुळे फुलांना तो गोड, फळासारखा वास येतो, ते बरेच दुबळे. ज्या फुलाचं तेल खरोखर जंतूंना भारी पडतं ते आपण केसांत माळतच नाही. लवंग ही कळीच आहे, उमलण्याआधी खुडून वाळवलेली. तिच्या तेलात साधारण ७० ते ९० टक्के युजेनॉल असतं, आणि झिंक ऑक्साइडबरोबर ते दंतवैद्य आजही वापरतात.

आणि तिथंच मी हात पोळून घेतले आहेत. लेक आठ वर्षांची असताना तिच्या दुखऱ्या दाढेला मी लवंगेचं तेल लावलं, न पातळ करता, कापूस भिजवून. दाढ थांबली, पण हिरडीवर पांढरा फोड आला आणि चार दिवस तिला आमटीभातही खाववेना. जंतूचं चरबीचं आवरण फोडणारं द्रव्य आपल्या पेशींचं आवरण ओळखून सोडत नाही. लहान मुलांनी लवंगेचं तेल थोडंसं प्यायल्यानं यकृत निकामी झाल्याच्या नोंदी वैद्यकात आहेत. म्हणून ‘नैसर्गिक आहे, अपाय नाही’ हे वाक्य गटाच्या बैठकीत कोणी बोललं तर तिथंच थांबवा. तेल जर औषधाइतकं जोरकस असेल तर औषधाइतकीच जपणूक मागतं, आणि तितकं जोरकस नसेल तर त्याला औषध म्हणायचं नाही.

ओवळाबद्दल एक वेगळी गंमत आहे, आणि ती माझ्या मते तुमच्या गटातल्या प्रत्येकीनं ऐकावी. बकुळीची साल दातांना चांगली, हे आजीपासून ऐकत आलो. ते सालीतल्या तुरट टॅनिनांमुळे. टॅनिन वाफेबरोबर उडत नाही, ते भांड्याच्या तळाशी उकळत्या पाण्यातच राहतं. नळीतून वर येतो तो फुलाचा वास. म्हणजे झाडाचा गुण एका भांड्यात आणि सुगंध दुसऱ्या भांड्यात, अशी वाटणी होते. सुरंगीचंही तेच समजा. तिच्या मुळांतून वेगळी केलेली द्रव्यं शास्त्रज्ञांना ठाऊक आहेत, पण ती जड आहेत आणि फुलांच्या अर्कात येतील असं गृहीत धरता येत नाही. ‘आयुर्वेदात सांगितलंय’ एवढ्यावर बाटलीतल्या पाण्याला तो गुण चिकटत नाही.

आणि तरी ओवळाचं फेनिल इथाइल अल्कोहोल जंतूंना नुसतं सुगंधी वाटत नाही. भाच्याला विचारा, त्याच्या प्रयोगशाळेत बहुधा फेनिल इथाइल अल्कोहोल घातलेला आगर असेल. त्यात ते पाव टक्का असलं की ई. कोलायसारख्या ग्रॅम-ऋण, म्हणजे बाहेरून जादा आवरण असलेल्या, जंतूंची वाढ दबते आणि ते आवरण नसलेले ग्रॅम-धन तेवढे वाढतात. गुलाबाचा वास असलेलं द्रव्य सूक्ष्मजीवशास्त्रात चाळणीसारखं वापरतात! हे वाचून मी स्वतः कितीतरी दिवस आनंदात होते. पण लक्षात घ्या, पाव टक्का. म्हणजे लिटरमागे अडीच ग्रॅम शुद्ध द्रव्य. तुमच्या पाण्यावरच्या तवंगाचं सगळं मिळून वजन कदाचित तेवढं भरणार नाही.

मग २०० बाटल्या. माझं मत: ऑर्डर घ्या, तो शब्द घेऊ नका. कारण कायद्याचंही आहे. रोग रोखतो किंवा बरा करतो असं म्हटलं की ती वस्तू औषध ठरते. अंगाला लावायची, नटण्यासाठीची म्हटली की सौंदर्यप्रसाधन. विक्रीसाठी दोन्ही बनवायला १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखाली परवाना लागतो, आणि जंतुनाशक द्रवही त्याच नियमांत मोडतात. सासऱ्यांची जखम बरी झाली अशी गोष्ट कोणी जाहिरातीत घातली, तर १९५४ चा आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे. त्याच्या यादीत मधुमेह नावानिशी आहे. दुकानदार मुंबईत असेल, पण लेबलावर ‘उत्पादक’ म्हणून नाव तुमच्या गटाचं छापलं जाणार.

त्याला साधं कळवा: “दादा, हे सुरंगीचं फूलपाणी आहे, खोलीत शिंपडायचं. काढल्याची तारीख आणि ‘शीतपेटीत ठेवा, पिऊ नये, जखमेला लावू नये’ एवढं आम्ही छापू. जंतुनाशक छापणार नाही, कारण ते तसं नाही.” तो गेला तर जाऊ दे. वळेसाराच्या ओढीनं येणारी माणसं मुंबईत पुष्कळ आहेत, चाकरमान्यांना माहेरचा, गावचा वास हवा असतो. ती मागणी खरी आहे आणि तिला कुठल्या जंतूचं नाव लागत नाही.

भट्टीच्या कर्जाविषयी नवऱ्यापुढे हे आकडे ठेवा. एक किलो गुलाबतेलाला साधारण तीन ते पाच टन फुलं लागतात. फुलं अशीच असतात, तेलाची कंजूष. जाई-मोगऱ्याचा वास तर वाफेच्या उष्णतेनं बिघडतो. कारखाने तो हेक्झेनसारख्या द्रावकानं काढतात, आणि ते चुलीच्या घरात कधीही करू नका, भडकतं. अत्तरं काढणारी कनौजची मंडळी डेग-भपक्यात, म्हणजे त्यांच्या जुन्या पद्धतीच्या भट्टीत, फुलांची वाफ चंदनाच्या तेलात धरायची, कारण नुसत्या फुलातून धरायला फार हाती लागत नाही, हे त्यांनी कधीच ओळखलं होतं. दोन सुरंग्या आणि एका ओवळावर हप्ता फिटणार नाही.

भट्टी घ्यायचीच असेल तर ती पाल्यासाठी घ्या. गवती चहाच्या शंभर किलो ताज्या पाल्यातून साधारण पाव ते अर्धा किलो तेल निघतं. त्याहून चांगली मला दालचिनी वाटते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण तेज’ जात नारळ-सुपारीच्या बागांत पुष्कळांनी लावली आहे. साल काढताना पाला टाकून देतात. त्या पाल्याच्या तेलात मुख्यतः युजेनॉलच असतं, म्हणजे लवंगेचं भावंड. हे तेल कच्चा माल म्हणून विका, औषध म्हणून नव्हे. पण आधी एक नमुना कनौजच्या सुगंध व सुरस विकास केंद्रात किंवा लखनौच्या ‘सीमॅप’ या औषधी-सुगंधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेत तपासून घ्या. त्या कागदावर घटकांची टक्केवारी येते आणि खरेदीदार तोच कागद मागतो. दर खेपेला वेगळा कागद लागेल, हेही धरून चाला. फूल पहाटे काढलं की दुपारी, ओलं होतं की सुकलेलं, यावरून घटक बदलतात. एका खेपेचं वर्तुळ दुसऱ्या खेपेला लागू होत नाही.

साठवणीचं एक, कारण हे घरोघरी चुकतं. लिनालूल आणि लिंबाच्या सालीतलं लिमोनीन हवेनं ऑक्सिडाइज होतं, आणि अशा जुन्या तेलानं अंगावर पुरळ, खाज येते. बाटली गडद रंगाची, गळ्यापर्यंत भरलेली, थंड जागी. अर्धी रिकामी झालेली जुनी बाटली कोणाच्या अंगाला लावायला देऊ नका.

गटातल्या बायकांबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त लिहिलं आहे आणि मला ते समजतं. अकरा जणींनी पहाटे उठून कळ्या काढल्या, त्यांच्या आनंदावर पाणी कोण ओतणार? पण ती तंतूंची बाटली पिशवीतून बैठकीला न्या आणि मध्ये ठेवा. भाषण करू नका. “ही आपली, फाल्गुनातली,” एवढंच म्हणा आणि हातोहात फिरू द्या. बायका रोज लोणच्याच्या बरणीवरचा बुरा ओळखतात, त्यांना समजावून सांगावं लागणार नाही. मग भाच्याला बोलवा. तीन चकत्या लावू दे: एक तवंगाची, एक नुसत्या द्रावकाची, एक लवंगेच्या तेलाची. सगळ्यांसमोर पट्टीनं मोजू दे. राग यायचा तर त्या मुंबईच्या शब्दाचा येईल, तुमचा नाही.

सुरंगी आता संपली असेल, पण ओवळाची फुलं अजून पडत असतील. ती सकाळीच, दव असताना वेचा, उन्हात न टाकता पडवीत सुती कापडावर पसरा. चांगली कडक वाळली की पातळ मलमलीच्या पिशव्यांत भरा, मूठभर एकीत. बकुळीचा वास वाळल्यावरही जात नाही. माझ्या आईच्या लुगड्यांच्या ट्रंकेत अशी एक माळ वर्षानुवर्षं होती आणि झाकण उघडलं की तिचा वास अजून येतो. या पिशवीवर ‘कपाटात ठेवण्यासाठी’ एवढं लिहिलं की झालं. पहिल्या पन्नास पिशव्या झाल्या की मला कळवा, आणि सासऱ्यांचा पाय कसा आहे तेही.

तुमची,
ताई